आमचा सिनेमा मुका होता

आमचा सिनेमा मुका होता. त्यात एक शब्द नव्हता, एक हुंकार नव्हता. कुठे कुत्रं भुंकलं असेल तर तेही नुसतं तोंड उघडून. हे मी वीसेक वर्षं सांगत आलो आहे. तरी साकोलीच्या स्टँडवर अजून कोणीतरी माझा दंड पकडतो आणि म्हणतो, "मास्तर, काय डायलॉग होते बाप्पा त्या सिनेमात! आंगावर काटा आलता."

"भाऊ, डायलॉग नव्हते."

"नव्हते कसे? म्या सोताच्या कानानं आयकले न!"

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यानं ऐकले, हे खरं आहे. सिनेमात नव्हते, हेही खरं आहे. मग ते आले कुठून, कोणी घुसवले आणि कोणाच्या तोंडात घुसवले, ते एकदाचं लिहून टाकतो. राग अजून निवलेला नाही. मधेच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी तेव्हा वर्षभर प्राथमिक शाळेत मास्तर आणि हंगामात प्रॉम्प्टर होतो. हंगाम म्हणजे धान कापून घरात आलं की होळीपर्यंत. तेवढ्या दिवसांत आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, आणि एकच नट एका आठवड्यात तीन नाटकांत तीन वेगळ्या बायकांचा नवरा होतो. एवढं पाठ कोण करणार? आमच्याकडे नट पाठ करत नाही, ऐकतो. त्याच्या डाव्या हाताच्या विंगेत प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन उभा असतो. तो वाक्य हळूच पुढे सरकवतो, नट ते झेलतो आणि गर्जना करून लोकांवर फेकतो. झेलणं लोकांना दिसू द्यायचं नाही, यात नटाचं कसब. शहरातली मंडळी याला हसतात. हसोत बापडी. एकदा उभं राहून झेलून दाखवा म्हणावं.

सगळ्यात सुंदर झेलायचे ते मामा. ते कोणाचे मामा होते, ठाऊक नाही. सगळ्या जिल्ह्याचेच असावेत. अड्याळला त्यांच्या घरी हातमाग होता. दिवसा लुगडी विणायची आणि हंगामात नाटक, असा त्यांचा संसार. आमच्या कंपनीचं हुकमी नाटक आजोबांच्या काळातल्या एका जाडजूड कादंबरीवरून केलेलं होतं. कादंबरीचा लेखक दर तीन पानांनी गोष्ट थांबवून वाचकाला उपदेश करतो. तो उपदेश खरवडून काढला तर गोष्ट तळहातावर मावते. एका नावाड्याचं मुलाशी भांडण होतं. मुलगा घर सोडून काठावर येतो, आणि बाप त्याला पलीकडे न्यायला नकार देतो. मुलगा हट्टानं वरच्या अंगानं नदीत शिरतो आणि परत येत नाही. त्यानंतर नावाडी जन्मभर, येईल त्याला फुकट पार करतो. शेवटच्या अंकात मामांचं स्वगत होतं, चांगलं बारा मिनिटांचं. त्या बारा मिनिटांसाठी लोक गाड्या जुंपून यायचे. मी मात्र तेवढा वेळ पुस्तक मिटून ठेवायचो, कारण सगळ्या नाटकात तेवढं एकच मामांना पाठ होतं.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. घोगरा नाही झाला, बसला नाही, गेला. गळ्याशी श्वासासाठी भोक राहिलं, आणि त्यावर मामा रात्रंदिवस पांढरा दुपट्टा गुंडाळू लागले. काही सांगायचं असलं की दोनदा टाळी वाजवायची, मग हात, भुवया आणि खांदे. त्याचं मराठी करायला मामी बसलेल्या असायच्या. मामा एक भुवई उचलत आणि मामी सुरू होत, "ते म्हणून राहिले का चहा घ्या. आन् साखर संपली तं मलेच बोलून राहिले. आन् तुमी मागच्या खेपी छत्री नेली ती वापस आणा."

मामा कपाळाला हात लावत.

"पाह्यलं? हाव म्हणून राहिले."

हंगाम जवळ आला तसा कंपनीच्या मालकानं मला निरोप देऊन पाठवलं. मामांनी नुसतं उभं राहायचं, ओठ हलवायचे. विंगेतून मी मोठ्यानं बोलायचं. मला सगळं नाटक येत होतंच. लोकांना चेहरा मामांचा मिळेल, कंपनीला गर्दी मिळेल, मामांना बिदागी. मला वाटलं, मी उपकारच घेऊन चाललो आहे. मामांनी ऐकून घेतलं. मग उठले, माझ्या हातातली नाटकाची वही घेतली, माझ्या पिशवीत घातली, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि दार उघडून बाजूला उभे राहिले.

मामी माझ्यामागे अंगणात आल्या. "मास्तर, त्याईचा आवाज गेला. आता त्याईच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज कोंबान तं ते जिते नाही राह्यचे. येवढं समजलं नाही तुमाले?"

नव्हतं समजलं. कबूल करतो. पण मी पुन्हा ते केलं नाही, एवढं लक्षात असू द्या. पुढे ज्यानं केलं, त्याला सगळं माहीत होतं.

पंधरा दिवस मामांनी माझ्याकडे पाठ करून माग चालवला. मी जाऊन ओट्यावर बसायचो आणि धोट्याची खटखट ऐकून परत यायचो. शेवटी मी माझ्या साळ्याला घेऊन गेलो. भंडाऱ्याला त्याचा फोटो स्टुडिओ. त्याच्या आतेभावानं आखाती देशातून त्याला एक लहानसा फिल्मचा कॅमेरा आणून दिला होता, सोबत भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र. एका रिळात जेमतेम तीन मिनिटं, आणि आवाजाची सोयच नाही. साळा त्यावर लग्नं काढायचा. मामांच्या मागाच्या खोलीत दारं-खिडक्या लावून त्यानं कोणाच्या तरी लग्नाचं रीळ लावलं. पंगत झाली, वरात झाली, मग मुलीची पाठवणी आली. मुलीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून रडत होता. तोंड वेडंवाकडं, खांदे हलताहेत, आणि खोलीत फक्त यंत्राची घरघर. मामा उठले. भिंतीजवळ गेले आणि त्या बापाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर.

मामी म्हणाल्या, "ते म्हणून राहिले, हे मी करीन." त्या दिवशी त्यांनी पदरचं काही घातलं नाही.

असा आमचा सिनेमा ठरला. त्या काळात सगळं जग रंगीत आणि बोलकं झालेलं. आम्ही मात्र मुका सिनेमा काढणार होतो, तोही झाडीपट्टीत, जिथे नट मेल्यावरसुद्धा पाच मिनिटं बोलतो. दिग्दर्शक कोण? मी. जन्मभर लोकांना शब्द पुरवलेला माणूस! गोष्ट कळावी म्हणून मी शाळेतल्या पाटीवर सुवाच्य अक्षरात वाक्यं लिहून नेली. मधे मधे पाटी दाखवायची, असा माझा बेत. मामांनी पहिलीच पाटी पाहिली, दुपट्ट्याच्या टोकाला थुंकी लावली आणि स्वच्छ पुसून टाकली. दुसरीही पुसली. मी तिसरी दाखवलीच नाही.

रिळांचा खर्च साकोलीकडच्या एका राईसमिलवाल्या सेठनं उचलला. सेठ नाटकवेडा माणूस. मामांच्या स्वगतावर तो लहानपणापासून रडत आलेला. त्याच्या दोन अटी होत्या. एक, सिनेमा पहिल्यांदा त्याच्या गावच्या मंडईला दाखवायचा. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. दुसरी, त्यालाही काम द्यायचं. आम्ही त्याला डोंग्यातला उतारू केलं. आजोबांच्या काळातला उतारू टेरिकॉटचा शर्ट घालून आला. मनगटाला घड्याळ.

"सेठ, घड्याळ काढा."

"मास्तर, घड्याळ नाही दिसलं तं लोकाईले कसं समजन का हा मी आहो?"

मी तिथेच ओळखायला हवं होतं.

नावाड्याचा मुलगा झाला आमच्या कंपनीचा नवा नायक. देखणा, भला पोरगा, मामांना देव मानणारा. मामांच्या सगळ्या भूमिका आता त्याच्याकडे आल्या होत्या, बारा मिनिटांच्या स्वगतासकट. आवाज असा, की नदीच्या या काठावर "बाबा" म्हटलं तर पलीकडच्या गायी माना वर करत. मी त्याला दहादा सांगितलं, अरे, आवाज रिळात उमटत नाही. तो म्हणायचा, "हाव मास्तर, पण बोललो नाही तं मले हात कुठं ठेवाचे ते समजत नाही." त्याच्याकडे बघून मामा डोळे मिटायचे.

वैनगंगेवर कारध्याला आम्ही रविवारी-रविवारी शूटिंग करायचो. तिथे पूल आहे. पूल असलेल्या नदीवर नावाडी काय करून राहिला, हा प्रश्न कादंबरीच्या लेखकाला पडला नव्हता, आम्हाला पडला. कॅमेरा सतत पुलाकडे पाठ करून ठेवायचा. पुलावरून जाणाऱ्यांच्या तोंडाला मात्र पाठ नव्हती. "ओ मामा! स्वगत होऊन जाऊ द्या!" "मास्तर, डोंग्याले भोक हाय का?" साळ्याची वेगळीच तऱ्हा. लग्नांची सवय. मुलगा नदीत शिरतो, बाप काठावर गोठून उभा, आणि हा कॅमेऱ्यामागून ओरडतो, "मामा, इकडं पाहा! थोडं हासा!"

सात रिळं भरली. ती मुंबईला धुवायला गेली आणि महिन्याभरानं पार्सल परत आलं. मागाच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. सेठ खास साकोलीहून आला होता. घरघर सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला मला घाम फुटला.

सगळ्यांच्या माना वाकड्या होत्या.

मामांची मान डावीकडे कललेली. नायकाची डावीकडे. भांडणात बाप-लेक एकमेकांकडे रागानं पाहताहेत आणि दोघांचेही डावे कान कुठेतरी लागलेले. मी दिग्दर्शक झालो खरा, पण पाय जन्माचे प्रॉम्प्टरचे. दर वेळी जाऊन नेमका नटाच्या डाव्या हाताला उभा राहायचो. हातात पुस्तक नव्हतं, पण काहीतरी पुटपुटत असणार. आणि त्यांचे कान सवयीनं माझ्याकडे यायचे. कॅमेऱ्यानं ते पकडलं होतं. चोवीस वर्षं जे लोकांना कधी दिसू दिलं नाही, ते झेलणं आता भिंतीएवढं मोठं होऊन दिसत होतं.

सेठ म्हणाला, "सगळ्याईचे कान दुखून राहिले का मास्तर?"

मी खोलीबाहेर जाऊन बसलो. सात रिळं पुन्हा काढायला सेठ तयार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. आठवं रीळ तेवढं उरलं होतं, शेवटच्या प्रसंगाचं. जिथे बारा मिनिटांचं स्वगत असायचं, ती जागा. मामा बाहेर आले. माझा हात धरून मला उठवलं. बोटानं मला दाखवलं, मग दूरवर रस्ता दाखवला आणि हात झटकला.

मी विचारलं, "मी जाऊ म्हणता?"

मामी म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी तेथं राहूच नका म्हणून राहिले."

पुढच्या रविवारी मामा डोंग्यात बसले, साळ्यानं कॅमेरा लावला आणि मी, सिनेमाचा दिग्दर्शक, पुलाच्या टोकाशी चहाच्या टपरीत नदीकडे पाठ करून बसलो. तीन कप प्यालो. साळा आला तेव्हा त्याला विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "काईच केलं नाही न मामानं. डोंग्यातलं पाणी उपसलं."

"हास म्हणाला नाहीस ना?"

"नाही." मग कॅमेरा पिशवीत घालत, "तोंडातून निघालंच नाही."

ते रीळ धुऊन आलं तेव्हा मी ते फक्त एकदा पाहिलं, मामा-मामींबरोबर. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी चोरी.

वर्ष फिरलं आणि सेठच्या गावची मंडई आली. राईसमिलच्या गोदामात झरोक्यांना पोती लावून भर दुपारी अंधार केलेला. पडदा मामांनी स्वतः मागावर विणला होता. मागाची रुंदी ती किती, म्हणून दोन पट्टे मधे शिवून जोडलेले. दोन खेळ ठरले, दोनचा आणि चारचा. बाहेर पाळणे, फुगे, जिलेबीची दुकानं. आत चारशे तरी माणूस, धानाच्या पोत्यांवर चढून बसलेलं. मामा-मामींना पुढे दोन खुर्च्या. मी मागे साळ्याबरोबर यंत्राशी.

पहिलं रीळ सुरू झालं. नदी दिसली. मामा डोंगा सोडताहेत. आणि पडद्यामागून भोंग्यातून आवाज फुटला, "हे वैनगंगे माते! किती पिढ्या या घरानं तुझी सेवा केली!"

मला आधी वाटलं, बाहेर मंडईत कुठेतरी नाटकाची जाहिरात चालली आहे. मग पडद्यावर मामांचे ओठ हलले आणि आवाज पुन्हा आला. नायकाचा! सेठनं त्याला पडद्यामागे माईक देऊन बसवला होता, हातात आमच्याच नाटकाची वही. मी उठलो तर सेठच्या दोन हमालांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. प्रेमानं बसवलं. "बसा न मास्तर, लोकाईले दिसत नाही."

सांगायला लाज वाटते, पण लोक डोलत होते. माना का वाकड्या आहेत, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आवाजापुढे चित्र बघतो कोण? मुलगा स्वतःच्या आवाजात भांडला आणि त्याच आवाजात, जरा घोगरा करून, बापाच्या तोंडून त्याला नाही म्हणाला. शेवटचं रीळ आलं. मामा एकटे डोंग्यात. माईकवर स्वगत सुरू झालं. बारा मिनिटांचं! रीळ तीन मिनिटांचं. तीन मिनिटांनी पडदा पांढरा पडला, रिळाचं टोक फडफडू लागलं, आणि पुढची नऊ मिनिटं चारशे माणसं एका पांढऱ्या कापडाकडे बघून हुंदके देत होती.

मी मामांकडे पाहिलं. झरोक्यावरच्या पोत्याच्या फटीतून थोडा उजेड त्यांच्यावर पडला होता. त्यांनी तळहात दुपट्ट्यावर दाबून धरला होता, गळ्यावर. आवाज आपल्यातूनच तर निघत नाही ना, हे चाचपून पाहावं तसा.

टाळ्या थांबेनात. नायकाला पडद्यामागून ओढून काढून हार घातला गेला. सेठ दोन्ही हात पसरून माझ्याकडे आला. "पाह्यलं मास्तर? रडली पब्लिक!"

"सेठ, सिनेमा मुका होता."

"अहो, मुका सिनेमा दाखवला असता तं लोकाईनं मले मुकं केलं असतं. पोत्यावर बसून पाणी उपसतानी पाहाले कोण येते?"

"मामांना विचारलंत?"

"त्याईले काय विचाराचं? ते बोलतेत कुठं?"

त्या वाक्यावर मी काय बोललो, ते इथे छापण्यासारखं नाही. शाळामास्तरच्या तोंडी तर नाहीच नाही. हमाल पुन्हा जवळ सरकले. नायकानं हार काढून मामांच्या पायाशी ठेवला. "मामा, सेठ म्हणाले का तुमीच सांगितलं. तुमाले आवडन म्हणून मी..." मामांनी त्याला उठवलं, त्याच्या गालावर हलकी थाप मारली. त्याच्यावर ते रागावले नाहीत. मग सेठकडे वळून दोनदा टाळी वाजवली. पडद्यामागच्या माईककडे बोट केलं आणि तळहात आडवा फिरवला.

मामी म्हणाल्या, "दुसरा खेळ मुका."

"नाही जमत न मामी! गावभर भोंग्यावर सांगितलं. 'बोलता सिनेमा' म्हणून सांगितलं. माह्या इज्जतीचा सवाल हाय."

मामा यंत्राशी आले. आठवं रीळ उचललं. मग त्यांनी गळ्याचा दुपट्टा सोडला. त्याची घडी केली, रीळ त्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि धानाच्या पोत्यावर बसले. ऑपरेशन झाल्यापासून तो गळा मीसुद्धा पाहिला नव्हता. दारातून येणाऱ्या उजेडात तो उघडा होता, भोकासकट. श्वास आत-बाहेर होताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. भोवती माणसं होती, पोरं होती, बाया होत्या. मामांनी कोणाकडे पाहिलं नाही. फक्त सेठकडे पाहिलं.

लहानपणापासून मामांच्या स्वगतावर रडणारा तो माणूस. त्याला तिकडे बघवेना. बराच वेळ तो पायातल्या वहाणांकडे बघत राहिला. मग हमालाला म्हणाला, "वायर काढ बे माईकची." आणि आमच्याकडे न पाहता, "करा तुमचं. लोक उठून गेले तं मले बोलू नका."

लोक उठून गेले. ते सांगून टाकतो, उगाच खोटं कशाला? चारच्या खेळाला गोदाम पुन्हा भरलं होतं. नदी दिसली, मामा दिसले, आणि अर्ध्या मिनिटात पोत्यांवरून ओरडा सुरू झाला. "आवाज! आवाज!" "अबे, बॅटरी उतरली का?" "परामटर झोपला वाटते!" ते मला उद्देशून होतं. वाकड्या माना आता सगळ्यांना दिसल्या. कोणीतरी आपली मान तशी करून दाखवली आणि गोदामभर हशा पिकला. दुसऱ्या रिळाला माणसं दारातून बाहेर पडू लागली. प्रत्येक वेळी दार उघडलं की उजेड आत यायचा आणि पडद्यावरची नदी पुसली जायची. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "घाई कायची आहे? जिलेबी पळून जाऊन राहिली का?" त्यानं काही फरक पडला नाही. सातव्या रिळापर्यंत गोदामात तीसेक माणसं उरली. त्यातली काही झोपली असावीत.

आठवं रीळ लावायला साळ्यानं हात पुढे केला तेव्हा मामांनी ते दिलं आणि दुपट्टा पुन्हा गळ्याला गुंडाळला. मग खुर्चीवर न बसता पडद्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. मला क्षणभर कळेना. मग कळलं. नाटकात नटाला लोक समोर दिसतात. आपण काय फेकलं आणि त्यांनी काय घेतलं, ते तिथल्या तिथे कळतं. सिनेमानं ते मामांकडून काढून घेतलं होतं. ते परत घ्यायला ते उभे होते.

पडद्यावर नावाडी म्हातारा झाला आहे. डोंग्याच्या तळाशी पाणी साचलं आहे. तो डब्यानं ते उपसतो. मान सरळ. कोणाचं काही ऐकू येण्याची तो वाट बघत नाही. उपसता उपसता हात थांबतो. पलीकडच्या काठावर कोणीतरी उभं असावं, असा तो बघतो. डबा ठेवतो, वल्हं उचलतो. मग पुन्हा नीट बघतो आणि वल्हं जागच्या जागी ठेवून देतो, आवाज होऊ नये इतकं सावकाश. परत डबा उचलतो. एवढंच. पहिल्या खेळाला या तीन मिनिटांवर वैनगंगा माता आणि दैव आणि काळ आणि पश्चात्ताप असं सगळं ओतलं होतं, आणि वल्हं ठेवताना मामांचं बोट कसं त्यावर रेंगाळतं, हे चारशेतल्या एकानंही पाहिलं नव्हतं. तीसजणांनी पाहिलं. मी दारातून पाहिलं. बाहेर पाळण्यावरची पोरं किंचाळत होती आणि आत एक माणूसही हलला नाही.

रीळ संपलं. साळ्यानं यंत्र बंद केलं. पोती काढली, उजेड आला. माणसं उठली, अंग झटकत निघाली. टाळी एकही नाही. मामा तिथेच उभे. मी इतका संतापलो होतो, की निदान टाळी तरी वाजवा म्हणून ओरडणार होतो.

तेवढ्यात एक म्हातारी, नऊवारीचा काष्टा सावरत, पोत्यांच्या आधारानं पुढे आली. मामांच्या समोर उभी राहिली. त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "कवा गेला गा तुमचा पोरगा?"

मामींनी तोंड उघडलं. त्यांना दोन मुली, दोघी चांगल्या नांदत्या, मुलगा कधी नव्हताच, हे सगळं एका दमात सांगायला त्यांनी श्वास घेतलाही. मामांनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

मामांनी म्हातारीकडे पाहून हात मागे नेला, खूप मागे. खूप वर्षं झाली.

"माहा बी पाण्यातच गेला," म्हातारी म्हणाली. "बोडीत. तुमी बसा बाप्पा. उभे कायले राहता?" तिनं त्यांना हाताला धरून आपल्याजवळ पोत्यावर बसवलं आणि बोलू लागली. काय बोलत होती, ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मी ऐकायला पुढेही गेलो नाही. मामा तिच्याकडे तोंड करून बसले होते. भुवया, खांदे, हात, सगळं तिला उत्तर देत होतं. मधे मराठी करायला कोणी नव्हतं.

सेठ दारात आला. घड्याळाकडे बघून ओरडला, "मास्तर, गोदाम खाली करा! धानाच्या गाड्या येऊन राहिल्या."

"थांबा," मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. "खेळ सुरू आहे."